तुमच्यात कसं असतं?

आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, श्रीगोंदा तालुक्यातल्या एका खेड्यात शिलाईकाम करायचे. आम्ही नामदेव शिंपी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, संध्याकाळी हरिपाठ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तीनाथांची पालखी नगरवरून मिरजगाव, करमाळा करत पंढरीला जाते. आबा मिरजगावला तिच्यात सामील व्हायचे. इतका पक्का वारकरी माणूस. म्हणून कोणी "तुमचे आबा म्हणजे सर्वधर्मसमभाव हो" असं म्हटलं की मला जरा अवघडल्यासारखं होतं. सगळे धर्म सारखेच, असं त्यांना कधीच वाटलं नाही. ते सारखे नाहीत, आणि कुठे कुठे सारखे नाहीत, हे गावात सगळ्यात नीट त्यांनाच माहीत होतं.

कारण त्यांचं पायमशीन. ओट्यावर ठेवलेल्या त्या मशीनवर गावातल्या प्रत्येक देवाचं कापड येऊन जायचं. दिंडीच्या पताका, पिराच्या कबरीवर घालायचा गलेफ, मोहरमच्या पंज्यांची वस्त्रं, पाळकसाहेबांचा झगा, म्हसोबाच्या नवसाचं लाल निशाण. कापड घेऊन आलेल्याला आबा आधी बसायला सांगायचे, मग गळ्यातली टेप हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचे, "तुमच्यात कसं असतं?" समोरचा सांगायचा आणि आबा ऐकून घ्यायचे. झालर चारी बाजूंनी की तीन? बाही रुंद की मनगटाशी चुण्या? उत्तर उधारीच्या वहीत मागच्या पानांवर बारीक अक्षरात लिहून ठेवायचे. पुढच्या वर्षी त्याच माणसाला परत विचारायची वेळ यायची नाही. तरी ते विचारायचेच. "बदललं असेल तर?"

हाच प्रश्न पुण्यात भाड्याने घर शोधताना घरमालकाने विचारला की त्याला वेगळाच वास येतो, हे मला ठाऊक आहे. "तुमच्यात काय चालतं" म्हणजे "तुमची जात कोणती" हेही ठाऊक आहे. आबांच्या प्रश्नाला तो वास नव्हता, कारण उत्तर मिळालं की ते त्याप्रमाणे कापड कापायचे. उत्तरावरून माणूस कापायचे नाहीत.

आबा स्वतः लहानपणी मोहरमचे फकीर झाले होते. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून पणजीने सवारीपुढे, म्हणजे मोहरमच्या पंज्यापुढे, नवस बोलला होता. पोर जगलं तर त्याला फकीर करीन. मग ते दहा दिवस हिरवे कपडे घालून पाच घरं मागायची. आमच्याकडे त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. नगर शहरात कोठल्याच्या सवाऱ्या पाहायला आणि नवस फेडायला हिंदू बायाबापड्यांची रांग लागते, ती त्याच रिवाजातली. पुढे आबांनी माळ घातली आणि नवसाबिवसांवरचा त्यांचा विश्वास पार उडाला. पण पंज्यांची वस्त्रं मात्र मरेपर्यंत त्यांनीच शिवली. मी एकदा म्हटलं, "आबा, तुमचा तर नवसावर विश्वास नाही." म्हणाले, "माझ्या आईचा होता. आणि त्या कापडाची शिवण कुणाला जमत नाही."

श्रीगोंद्याला शेख महंमदांची समाधी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातले संतकवी, 'योगसंग्राम' लिहिणारे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे त्यांना गुरू मानत. वारकऱ्यांनी त्यांना आपल्या संतमंडळात बसवलंय. तिथे दर्शनाला गेलं की कोणीतरी हटकून वाद काढायचा की हे मूळचे कोण, मनाने हिंदूच ना, वगैरे. आबांना हा वाद अजिबात आवडायचा नाही. "त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, मी अविंध, म्हणजे मुसलमान, आहे आणि माझ्या हृदयात गोविंद आहे. आता त्यातलं अर्धं खोडायचा अधिकार तुला कुणी दिला?" असं एका पाहुण्याला त्यांनी चपला घालता घालता सुनावलेलं मला आठवतं. अलीकडे अशा ठिकाणांच्या पाट्यांवरून, नावांवरून जी भांडणं चालतात ती वाचताना मला तो पाहुणा आठवतो. तो आता फार वाढलाय.

नाताळात आबा देवळात जायचे. आमच्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती लोक आपल्या प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतात. अमेरिकन मिशनचं काम इथे जुनं. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरला राहिले, आणि अभंगाच्या वळणाची त्यांची भजनं अजूनही उपासनेत टाळ-मृदंगावर म्हटली जातात. टाळ आला म्हणजे आबा आलेच. नाताळच्या रात्री ते मागच्या बाजूला सतरंजीवर बसून टाळ धरायचे. परत येताना रस्त्यात टीका चालायची. "चाल चांगलीय, पण लय चढवताना घाई करतात. मास्तरांना सांगितलं पाहिजे." आणि दुसऱ्या दिवशी मिशनच्या शाळेतल्या मास्तरांना खरंच सांगायचे. मास्तरही पुढच्या वर्षी टाळकऱ्यांना जरा आधी बसवायचे. एक मात्र होतं. प्रभुभोजनाची, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारस वाटायची, वेळ आली की आबा उठून बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभे राहायचे. ते आपलं नाही, दीक्षा घेतलेल्यांचं आहे, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. पाळकांनीही कधी आग्रह केला नाही.

मला वाटतं, आबांचं मोठेपण त्या कडुनिंबाखाली जाण्यात जास्त होतं. आत बसून टाळ वाजवणं त्या मानाने सोपं.

पिंजारी चाचांची बायको वारली तेव्हाचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय. मी आठवी-नववीत असेन. रात्री चाचांचा मुलगा पांढऱ्या कापडाचा तागा घेऊन आला. आबांनी कंदील जवळ ओढला, मशीनवर फडकं टाकून ते झाकलं. मला कळेना, कापड शिवायला आणलंय आणि मशीन का झाकतायत. कफनाला टाका घालत नाहीत. पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच. इजार, कुर्ता, ओढणी, सीनाबंद, लिफाफा. कुर्त्यालासुद्धा शिवण नसते, लांब कापड दुमडून गळ्यापुरती चीर द्यायची, बस. आबांना हे वर्षानुवर्षं माहीत होतं. तरी त्यांनी त्या पोराला विचारलं, "तुमच्यात कसं असतं, सांग. तुझ्या आईचं आहे." पोरगा रडत रडत सांगत गेला आणि आबा कात्रीने काठाला चीर देऊन कापड हाताने टर्रकन फाडत गेले. सरळ, एका रेषेत. पाचही कपड्यांच्या घड्या घालून त्याच्या हातात दिल्या. पैसे घेतले नाहीत. "टाका घातला नाही तर शिलाई कसली?" सकाळी मशीन उघडलं नाही, दुपारनंतर उघडलं.

आता तात्यांबद्दल. हे लिहायचं म्हणूनच खरं तर मी बसलेय.

तात्या आबांच्याच वयाचे, ढोलकीवर हात बसलेला असा की गावोगावचे फड त्यांना न्यायचे. पोरवयापासून गावच्या विठ्ठलाच्या देवळात भजनाला साथ करायचे. देवळात म्हणजे देवळाच्या पायरीवर. भजनी मंडळ आत आणि ढोलकी बाहेर. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना उघडलं, त्याच वर्षी मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेरच आहे, त्यांच्या लोकांना इतक्या शतकांनी आत जाता आलं. पंढरपूरचं देऊळ उघडलं. आमच्या गावचं काही उघडलं नाही. कायदा गावाच्या वेशीपर्यंत आला आणि तात्या पायरीवरच राहिले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. पुढच्या काही महिन्यांत आमच्या गावच्या वस्तीनेही घेतली. तात्यांनी घरातला विठ्ठल नदीत सोडला आणि भजनाला येणं बंद केलं. आबांचे वडील आणि भजनी मंडळातले थोर लोक चिडले. देव सोडला, धर्म सोडला, उपकार विसरला. (उपकार कोणते, हे कोणी सांगत नव्हतं.) आबा तेव्हा पंचविशीतले, माळकरी, त्या मंडळाचे टाळकरी. ते तात्यांच्या घरी गेले. समजूत घालायला गेले असं सगळ्यांना वाटलं. ते चहा पिऊन परत आले. आम्ही मोठे झाल्यावर विचारलं, तुम्ही काय बोललात? "काय बोलणार? त्याचं बरोबर होतं. आपण त्याला पायरीवर ठेवला, तो पायरी उतरून गेला."

इतर धर्मांशी मोकळेपणाने वागणं एक वेळ सोपं असतं. आपला देव सोडून गेलेल्या माणसाच्या घरी चहा प्यायला जाणं अवघड. तो आपल्यामुळेच गेला हे कबूल करून जाणं तर फारच अवघड. हे करणारा दुसरा माळकरी आमच्या गावात नव्हता.

काही वर्षांनी तात्या कापड घेऊन ओट्यावर आले. पंचशील ध्वज शिवायचा होता. सोबत छापील चित्र. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी अशा पाच उभ्या पट्ट्या आणि सहावी पट्टी त्याच पाचही रंगांच्या आडव्या तुकड्यांची. ही सहावी पट्टी शिंप्याची परीक्षा घेते. पाच छोटे तुकडे आधी एकमेकांना जोडायचे, मग ती पट्टी बाकीच्यांच्या लांबीला बरोबर बसवायची. एक सूतभर जरी शिवणीत गेलं तरी ध्वज एका बाजूला आखडतो. आबांनी तो दोनदा उसवला. भजनी मंडळातलं कोणीतरी ओट्याशी थांबून म्हणालं, "त्यांचा झेंडा तू शिवतोस?" आबांनी मशीन थांबवलं नाही. "तुमच्या पताका शिवतो तेव्हा तुम्ही विचारत नाही."

पैसे मात्र पूर्ण लावले. कफनाचे घेतले नाहीत, ध्वजाचे घेतले. "तो सणाचं कापड घेऊन आलाय, भीक मागायला नाही," हा त्यांचा हिशेब. पहिल्याचे पैसे तात्यांनी रोख दिले. पुढच्या ध्वजांना म्हणाले, दिवाळीला देतो. दिवाळी आली, आबांनी आठवण केली, तर तात्या म्हणाले, "आमच्यात आता दिवाळी कुठंय?" हा विनोद त्या दोघांनी पुढे आयुष्यभर चालवला. आबा भर चौकात ओरडायचे, "दिवाळी आली रे!" आणि तात्या लांबूनच हात जोडायचे.

आबांना सगळंच चालायचं असं कोणी समजू नये. अंगात आलं की ते उठून निघून जायचे. नवसाच्या बोकडाच्या जत्रेला पाय ठेवायचे नाहीत. तरुणपणी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं, ते त्यांच्या अंगात चांगलंच मुरलं होतं. पुत्रप्राप्तीचा अंगारा देणारा एक बुवा भगवी कफनी शिवायला आला. आबांनी कापड हातात घेतलं, धरून पाहिलं, परत दिलं. "कापड चांगलंय. मी शिवणार नाही." बुवाने शाप दिला म्हणे. आजी आठवडाभर घाबरून होती.

आणि एक अभिमान होता, जातीचा म्हणा हवं तर. नगर-दौंड रस्त्यावर गाडी बिघडली म्हणून थांबलेला एक सरदारजी ड्रायव्हर सीटचं कव्हर शिवून घ्यायला आला होता. त्याने भिंतीवरची नामदेवांची तसबीर पाहिली, नाव विचारलं आणि हात जोडले. भगत नामदेवांची ६१ पदं त्यांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे आबांना त्या दिवशी कळलं. त्यानंतर गावात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते ऐकावं लागलं.

मी बारावीत असताना जेवताना जाहीर केलं की माझा देवावर विश्वास नाही. त्या वयात ते जेवतानाच जाहीर करायचं असतं. बाबांचा चेहरा पडला, आजीने कपाळावर हात मारला. आबांनी घास खाल्ला, पाणी प्यायले आणि आजीला म्हणाले, "मग परवा एकादशी आहे, हिच्यासाठी भाकरी टाक. पोर उपाशी राहायची." एवढंच. पुढच्या सगळ्या एकादश्यांना घरभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी, आणि माझ्या ताटात बाजरीची भाकरी. आजी ती आदळूनच वाढायची. आबांनी मला कधी पटवायचा प्रयत्न केला नाही आणि मी त्यांना केलेला त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. एकदा फक्त म्हणाले, "विश्वास नाही तर नाही. पण दिंडी येईल तेव्हा पाणी वाटायला माणूस कमी आहे, ये." मी गेले. दरवर्षी जायचे.

आता मी पुण्यात एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात नर्स आहे. भरतीच्या कागदावर धर्माचा रकाना असतो. तो भरल्याने फारसं काही कळत नाही. एका लिंगायत आजींच्या गळ्यात चांदीची डबी होती, आत इष्टलिंग. एमआरआयला न्यायचं, धातू काढायलाच हवा. नवीन मुलगी दागिन्यांच्या पिशवीत टाकायला निघाली तेव्हा आजी ग्लानीतसुद्धा हात हलवू लागल्या. मी मुलाला बोलावून विचारलं, तुमच्यात कसं असतं? तो म्हणाला, डबी कोणाच्या तरी हातात राहू दे, खाली ठेवू नका. तपासणी होईपर्यंत तो डबी तळहातावर घेऊन दाराशी उभा राहिला. आजी शांत झाल्या. जैन रुग्ण असेल आणि चौविहार पाळत असेल तर सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. गोळीची वेळ डॉक्टरांशी बोलून आधीच बदलून घेता येते, विचारलं तर. महानुभाव घरातला माणूस गेला तर त्याला दहन नाही, जमिनीत ठेवतात. मागे एका बौद्ध कुटुंबाला शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाने मदत म्हणून गंगाजल आणून दिलं. त्यांनी ते नम्रपणे परत केलं आणि खाटेशी उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं. मी पडदा ओढून दिला.

मुसलमान रुग्ण शेवटाला आला की घरचे इकडेतिकडे बघू लागतात. काय शोधतात ते मला माहीत असतं. मक्केची दिशा. आमच्या वॉर्डात ती पश्चिम म्हणजे औषधांच्या कपाटाची बाजू. खाट फिरवता येत नाही, नळ्या असतात. चेहरा तेवढा हलकेच वळवता येतो. तरी मी आधी विचारतेच. एका घरात चेहरा वळवा म्हणाले, दुसऱ्या घरात म्हणाले राहू द्या, त्रास नको. दोघांचंही कागदावर एकच लिहिलेलं होतं.

आबा गेले तेव्हा त्यांचा दहावा गावातच केला. कावळ्याची वाट बघत बसू नका असं ते सांगून गेले होते, पण बाबा आणि काका बसले. पिंड ठेवला, तास झाला, दोन झाले, कावळा झाडावर होता पण खाली येईना. मग नेहमीचं सुरू झालं. आजीला नीट सांभाळू. हरिपाठ चुकू देणार नाही. मशीन विकणार नाही. पुढच्या वर्षी वारीला जाऊ, हे काका म्हणाले आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. कावळा हलला नाही.

तात्या सकाळपासून उन्हात काठी टेकून उभे होते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा आहे आणि तात्यांनी ती आयुष्यभर पाळली होती. ते पिंडापासून दहा पावलं लांब होते. शेवटी काकांना म्हणाले, "त्याला सांग, दोन झेंड्यांचे पैसे द्यायचे राहिलेत. आणलेत मी." आणि खिशातून खरंच नोटा काढल्या. गुरुजींसकट सगळे हसायला लागले, बाबा रडता रडता हसत होते. कावळा त्यावरही आला नाही. मग दर्भाचा कावळा करून उरकलं.

घरी आल्यावर काकांनी उधारीची वही काढली. झेंडे दोन नव्हते, तीन होते.